‘अल्पजीवी’ नावाचा शेरा

वाङ्मयीन चळवळींच्या इतिहासात एक वाक्य असे आहे की ते प्रथम कुणी लिहिले हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि तरी ते प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटते : ‘ही चळवळ अल्पजीवी ठरली.’ या वाक्यानंतर बहुधा परिच्छेद संपतो. पुढच्या परिच्छेदात दीर्घजीवी चळवळीचे वर्णन सुरू होते. एम. ए. च्या वर्गात हे वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षे उतरवून दिले आहे आणि उत्तरपत्रिकांत ते सापडले की त्याला गुणही दिले आहेत. तेव्हा पुढे जे लिहीत आहे त्याचा पहिला आरोपी मीच आहे, हे आधी मान्य करून टाकतो.

निमित्त घडले ते एका चर्चासत्राचे. ‘परंपरा आणि पुनरुज्जीवन’ असा विषय होता. एका व्यासंगी वक्त्यांनी ओघात एक परदेशी दाखला दिला. ब्रिटनमध्ये १९९३-९४ च्या सुमारास रॉक संगीतात ‘न्यू वेव्ह ऑफ न्यू वेव्ह’ नावाचा एक प्रवाह निघाला. तो एका साप्ताहिकाने काढला, जुन्याची नक्कल करणाऱ्या चार पोरांनी तो चालवला आणि वर्ष-दीड वर्षात तो विरला. पुनरुज्जीवनाचे हे असेच होते, असा त्यांचा निष्कर्ष. सभागृह हसले. त्या नावात विनोद आहेच, म्हणून मीही हसलो. पण घरी परतताना बसमध्ये हसू ओसरले, आणि लक्षात आले की या एका दाखल्यात वक्त्यांनी तीन निवाडे एका दमात दिले होते आणि त्यांतल्या एकालाही पुरावा जोडला नव्हता. ही गाणी मी फार उशिरा, आंतरजालावर ऐकली आहेत. त्या पिढीचा किंवा त्या देशाचा साक्षीदार असल्याचा माझा दावा नाही. मात्र चळवळींचा इतिहास कसा लिहावा हा तर माझ्या नोकरीचाच विषय आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९७६-७७ मध्ये लंडनमध्ये पंक उसळले. सेक्स पिस्टल्स आणि द क्लॅश ही त्यातली गाजलेली नावे. त्याच्या मागोमाग, त्याच्याच आडोशाने, अधिक कोरडे, अधिक तुटक आणि बुद्धीने रचलेले असे जे संगीत आले त्याला ‘न्यू वेव्ह’, म्हणजे नवी लाट, म्हणू लागले. वायर या बँडचा ‘पिंक फ्लॅग’ हा १९७७ चा अल्बम त्याचा आदर्श नमुना मानता येईल : सुमारे पस्तीस मिनिटांत एकवीस गाणी, काही तर मिनिटभरही न टिकणारी. त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी काही तरुण बँडांनी हा तुटकपणा, हा वेग आणि हा राग पुन्हा हाती घेतला. एनएमई या संगीत साप्ताहिकाने त्यांना ‘नव्या लाटेची नवी लाट’ म्हटले. हे नाव स्वतःच एका नावाची नक्कल होते. १९७९ मध्ये साउंड्स या नियतकालिकाने ‘न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल’ असा लांबलचक शब्दप्रयोग रूढ केला होता, त्याच्यावरची ही कोटी. आपल्याकडे ‘नवकविता’, ‘नवकथा’ म्हणताना आपण किती गंभीर असतो ते आठवून पाहावे, म्हणजे या नावातला वात्रटपणा ध्यानात येईल.

या लाटेत कोण कोण होते याबद्दल मतभेद आहेत. स्मॅश आणि दीज ॲनिमल मेन या दोन बँडांविषयी कुणाचेही दुमत नाही. इलास्टिका हे तिसरे नाव. एकोबेली, स्लीपर, कम्पल्शन, ब्लेसेड एथेल यांना कुणी आत घेते, कुणी बाहेर ठेवते. पुढे यातल्या काहींना ‘ब्रिटपॉप’ या मोठ्या छत्रीखाली जागा मिळाली आणि ते मूळचे या अंगणातले होते हे विसरले गेले. माझ्या तक्रारीचे मूळ नेमके इथे आहे. जे टिकले ते ‘ब्रिटपॉप’ म्हणून मोजले गेले आणि जे पडले तेवढेच ‘न्यू वेव्ह ऑफ न्यू वेव्ह’ म्हणून उरले. मग म्हणायचे, पाहा, या चळवळीतले कुणीच टिकले नाही! उत्तीर्ण विद्यार्थ्यांची नावे दुसऱ्या शाळेच्या पटावर चढवायची आणि पहिल्या शाळेचा निकाल शून्य टक्के लागला असे जाहीर करायचे, असा हा हिशेब आहे.

आता साप्ताहिकाने चळवळ ‘काढली’ या आरोपाकडे वळू. ब्रिटिश संगीत साप्ताहिकांना नावे ठेवण्याची खोड होती यात शंका नाही. एनएमई आणि मेलडी मेकर ही दोन साप्ताहिके एकाच प्रकाशनसंस्थेची असूनही एकमेकांची स्पर्धक होती, आणि दर आठवड्याला पान भरायचे तर दर काही महिन्यांनी नवी चळवळ हवी, ही त्यांची गरजच होती. पण नाव ठेवणे आणि जन्म देणे यांत फरक आहे, आणि तो सिद्ध करणारा प्रयोग त्याच काळात झालेला आहे. १९९५-९६ मध्ये मेलडी मेकरने ‘रोमो’ नावाची चळवळ पुढे आणली. १९८० च्या आसपासच्या सजूनधजून, रंग लावून गाणाऱ्या सिंथेसायझर-संगीताचे हे पुनरुज्जीवन. सायमन प्राइस आणि टेलर पार्क्स हे लेखक त्याचे पुरस्कर्ते होते. मुखपृष्ठ झाले, दौरा झाला, ऑर्लँडो, प्लास्टिक फँटॅस्टिक यांसारखे बँड उभे केले गेले. आणि लोकांनी पाठ फिरवली. साप्ताहिकाच्या हाती चळवळ निर्माण करण्याची किल्ली असती तर रोमोचे दार उघडायला हवे होते. डिसेंबर २००० मध्ये खुद्द मेलडी मेकर एनएमईत विलीन झाले आणि एनएमईची छापील साप्ताहिक आवृत्तीही मार्च २०१८ मध्ये थांबली. ज्यांच्याकडे सर्वशक्तिमान म्हणून बोट दाखवले जाते त्यांना स्वतःचे मरण चुकवता आले नाही.

शिवाय नियतकालिकाने नाव दिलेली चळवळ कृत्रिम, असे म्हणायचे झाले तर आपल्या अभ्यासक्रमातल्या अर्ध्या चळवळी वर्गाबाहेर काढाव्या लागतील. कोणतीही चळवळ स्वतःचे नाव कपाळावर लिहून जन्माला येत नाही. ते कुणीतरी संपादक, कुणीतरी विरोधक किंवा पुढच्या पिढीतला कुणी प्रबंधकार लिहितो. यावर इथल्या वाचकांना अधिक सांगायला नको.

मग हे बँड गात तरी काय होते आणि कशासाठी? हे पाहायचे तर त्या काळातल्या ब्रिटनमध्ये क्षणभर जायला हवे. मे १९७९ पासून हुजूर पक्ष सत्तेवर होता. एप्रिल १९९२ च्या निवडणुकीत तो हरणार असे पुष्कळांना वाटले होते, पण जॉन मेजर यांच्या नेतृत्वाखाली त्याने लागोपाठ चौथ्यांदा बहुमत मिळवले. त्याच सप्टेंबरात पौंडाची घसरगुंडी झाली आणि सरकारला युरोपीय विनिमयदर-व्यवस्थेतून नामुष्कीने बाहेर पडावे लागले. १९९३ च्या आरंभी बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरात होती. ज्यांचा जन्म १९७० च्या आगेमागे झाला त्यांना कळू लागल्यापासून दुसऱ्या पक्षाचे सरकार पाहायलाच मिळालेले नव्हते. पंकच्या मूळ वर्षी, १९७७ मध्ये, ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे सरकार होते आणि जेम्स कॅलाहन पंतप्रधान होते, ही गोष्ट आपण सहज विसरतो. म्हणजे थोरल्या भावांचा राग काहीसा सर्वव्यापी होता : राणी, नभोवाणी, कंटाळा, सगळेच. धाकट्यांच्या रागाला मात्र नाव-गाव-पत्ता होता. नक्कल म्हणून हिणवलेल्या वस्तूत मूळ वस्तूपेक्षा नेमके काही असू शकते, हे आपल्या समीक्षेच्या चौकटीत बसत नाही म्हणून ते दिसत नाही.

स्मॅशचे उदाहरण घ्या. इंग्रजी अक्षरांमध्ये तारका पेरून लिहिले जाणारे हे नाव. तिघांचा बँड, गाव वेल्विन गार्डन सिटी. या गावाविषयी दोन शब्द सांगण्याचा मोह आवरत नाही. एबेनेझर हॉवर्ड या स्वप्नाळू माणसाने १९२० मध्ये वसवलेले हे उद्याननगर. शहराची सोय आणि खेड्याची हवा एकत्र आणायची, कामकऱ्याला झाड आणि अंगण द्यायचे, अशी त्यामागची कल्पना. रुंद रस्ते, कातरलेली हिरवळ, सगळे आखीव. पंकचा उगम पडक्या, कचऱ्याने भरलेल्या लंडनमध्ये झाला असे मानण्याचा प्रघात आहे. ही मुले मात्र आखून दिलेल्या सुखाच्या गावातून आली. सुखाचा आराखडा तयार असताना त्यात राहणाऱ्याला काम नसणे, हा अनुभव पडक्या घराहून वेगळा आहे. स्मॅशच्या संगीतातला कोरडा, चिडका, जरासा शाळकरी आवाज मला त्या हिरवळीशी जोडलेला वाटतो. हे माझे अनुमान आहे, पण ‘नक्कल’ या शब्दापेक्षा ते गाण्याच्या अधिक जवळ जाते असे वाटते.

१९९४ च्या उन्हाळ्यात त्यांचे ‘(आय वाँट टू) किल समबडी’ हे सिंगल आले. त्यात हुजूर पक्षाच्या तत्कालीन नेत्यांची नावे एकामागून एक घेतली आहेत. रेडिओने ते टाळणार हे उघडच होते. तरीही विक्रीच्या राष्ट्रीय क्रमवारीत ते पहिल्या तिसांत, सव्विसाव्या क्रमांकावर पोहोचले. या गाण्याचे राजकारण प्रगल्भ आहे असे मी म्हणणार नाही. नावांची यादी म्हणजे विचार नव्हे, आणि हिंसेची भाषा खेळण्यासारखी हाताळणाऱ्या लेखनाबद्दल मला इतरत्रही शंका आहे. पण याच बँडच्या दुसऱ्या एका सिंगलचे शीर्षक जर्मेन ग्रीअर यांच्या १९७१ च्या एका लेखाच्या शीर्षकावरून घेतलेले आहे. स्त्रीने आपल्या देहाकडे लाजेविना पाहावे असे बजावणारा तो लेख. त्याचे नाव इथे छापण्याजोगे नाही, आणि तेव्हाही ते सर्रास छापले जात नव्हते. गिटार घेऊन आरडाओरड करणाऱ्या तीन पुरुषांनी १९९४ मध्ये ग्रीअर वाचावी आणि तिचे शीर्षक आपल्या तबकडीवर घालावे, याला नुसती नक्कल म्हणणाऱ्याने पंकच्या मूळ तबकड्यांत अशी किती शीर्षके आहेत ते मोजून दाखवावे.

ब्रायटनच्या दीज ॲनिमल मेनची बाजू घेणे मला इतके सोपे जात नाही. ‘स्पीड किंग’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेवर पांढऱ्या भुकटीने भरलेले भांडे होते आणि उत्तेजक द्रव्यांचे उघड कौतुक हा त्यांच्या प्रसिद्धीचा भाग होता. हा पोरकटपणा होता आणि निरुपद्रवीही नव्हता. त्यांच्या ‘(कम ऑन, जॉइन) द हाय सोसायटी’ या १९९४ च्या अल्बममधली निम्मी गाणी जाहिरातीच्या घोषणांसारखी वाटतात. मात्र घोषणेतली गंमत त्यांना ठाऊक होती, आपण सोंग करतो आहोत हे ते लपवत नव्हते, आणि सोंग उघड करून दाखवणे ही न्यू वेव्हचीच शिकवण होती. दुसरा अल्बम १९९७ मध्ये आला तोवर श्रोते निघून गेले होते.

तिकडे इलास्टिका. जस्टिन फ्रिशमन ही स्वेड या बँडच्या संस्थापकांपैकी एक. तिथून बाहेर पडून तिने हा बँड काढला. चौघांत तिघी स्त्रिया. १९९३ च्या अखेरीस ‘स्टटर’ हे छोटेसे सिंगल डिसेप्टिव्ह या नव्या लेबलकडून आले. या लेबलमागे स्टीव्ह लमॅक होता. तो आधी एनएमईत लिहीत असे आणि मग रेडिओ वनवर संध्याकाळचा कार्यक्रम करू लागला. साप्ताहिक, लेबल आणि रेडिओ यांची ही जवळीक खुपणारी आहे, आणि चर्चासत्रातल्या वक्त्यांनी तिच्यावर बोट ठेवले असते तर मी मान डोलावली असती. मार्च १९९५ मध्ये इलास्टिकाचा पहिला अल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्याआधीच दोन दावे उभे राहिले होते. ‘कनेक्शन’ची मूळ गिटारधून वायरच्या ‘थ्री गर्ल रुंबा’शी मिळतीजुळती, तर ‘वेकिंग अप’ हे गाणे स्ट्रँग्लर्सच्या ‘नो मोअर हीरोज’शी. दोन्ही मूळ गाणी १९७७ ची. दोन्ही दावे न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटले आणि ‘वेकिंग अप’च्या श्रेयात स्ट्रँग्लर्सची नावे दाखल झाली.

या तडजोडीचा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. पुनरुज्जीवन दोन गोष्टींचे होऊ शकते : रूपाचे आणि पवित्र्याचे. रूप म्हणजे गिटारची ती तुटक धून, दोन मिनिटांची लांबी, आवाजातला तो निर्विकारपणा. पवित्रा म्हणजे कुणाविरुद्ध आणि कुणाच्या बाजूने उभे राहायचे हा निर्णय. इलास्टिकाने मुख्यतः रूप घेतले आणि ते फार सुंदर घेतले. तो अल्बम मला आजही ताजा वाटतो. स्मॅशने मुख्यतः पवित्रा घेतला आणि रूप जेमतेम सांभाळले. रूपाची उसनवारी कायद्याला दिसते. तिचा मालक ठरवता येतो, किंमत ठरते, पैसे दिले की पाप धुतले जाते आणि गाणे पुढे जाहिरातींतही वाजू शकते. पवित्र्याला मालक नाही, म्हणून त्याची किंमत चुकवून मोकळे होण्याची सोयही नाही. पवित्रा उसना घेणाऱ्यावर कुणी दावा लावत नाही, त्याला फक्त हसतात. चर्चासत्रात आम्ही हसलो ते याच न्यायाने. इलास्टिकाला कुणी हसले नव्हते.

‘नक्कल’ हा आरोप किती निवडून केला जातो हे पाहायचे तर त्याच वर्षीच्या ओएसिसकडे पाहावे. त्यांच्या ‘शेकरमेकर’ या जून १९९४ च्या गाण्यावर न्यू सीकर्सच्या एका जुन्या, मूळ शीतपेयाच्या जाहिरातीतून आलेल्या गाण्यावरून दावा झाला आणि तो पैसे मोजून मिटवला गेला. ‘सिगरेट्स अँड अल्कोहोल’ची धून टी. रेक्सच्या १९७१ च्या ‘गेट इट ऑन’ची सख्खी बहीण आहे, हे कानांना सांगावे लागत नाही. तरी ओएसिसला पुनरुज्जीवनवादी म्हणून कुणी परिच्छेदाबाहेर काढले नाही. तिथे शब्द वापरला गेला ‘परंपरा’. बीटल्सकडून उसने घेतले तर परंपरा, क्लॅशकडून घेतले तर नक्कल! हा न्याय कानाने केलेला नाही, विक्रीच्या आकड्याने केलेला आहे, आणि समीक्षेने तो मागाहून आपल्या भाषेत उतरवून घेतला आहे.

‘पुनरुज्जीवन’ या शब्दाचीही एक अडचण आहे, आणि ती खास आपली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणेच्या वादापासून मराठीत ‘पुनरुज्जीवनवादी’ ही एक शिवी आहे. हजार वर्षांपूर्वीचे वैभव परत आणू पाहणारा माणूस तिच्यातून डोळ्यांसमोर येतो. ती आपण सरसकट परदेशी संगीतालाही लावतो. पण सतरा वर्षांपूर्वीच्या गोष्टीला हात घालणे म्हणजे गतवैभवाचे स्तोत्र नव्हे. घरात थोरल्या भावाने अर्धवट सोडलेले भांडण धाकट्याने पुन्हा उकरून काढणे, असा तो प्रकार आहे. गतवैभवाचे स्तोत्र ब्रिटपॉपनेच गायले, असे मला वाटते. एप्रिल १९९३ मध्ये सिलेक्ट मासिकाच्या मुखपृष्ठावर स्वेडच्या गायकामागे ब्रिटनचा राष्ट्रध्वज फडकला आणि अमेरिकनांनो परत जा, अशा अर्थाची ओळ छापली गेली. तिथून साठच्या दशकातल्या सुखी इंग्लंडकडे जाणारी वाट रुंद होत गेली.

या वाटेवर एक व्यक्ती आडवी उभी होती, तिच्याबद्दल सांगायलाच हवे. एकोबेलीची गायिका सोन्या ऑरोरा मदन. जन्म दिल्लीचा, वाढली इंग्लंडमध्ये. ध्वजाच्या चित्राच्या सदऱ्यावर ‘हा माझाही देश’ अशा अर्थाची अक्षरे रंगवून ती वावरली. ‘फादर, रूलर, किंग, कंप्यूटर’ हे त्यांच्या एका गाण्याचे शीर्षकही ग्रीअर यांच्या ‘द फीमेल युनक’वरून आले आहे. एकाच वर्षी, एकाच ढिल्या गटात गणल्या गेलेल्या दोन बँडांनी ग्रीअर यांच्याकडून शीर्षके घ्यावीत हा योगायोग असेलही. मला तो योगायोगाहून काही अधिक वाटतो. १९७७ चे भांडण उकरून काढताना या मुलांनी १९७० चेही एक भांडण सोबत काढले होते आणि ते थोरल्यांनी फारसे हाताळलेले नव्हते. एकोबेलीचा पहिला अल्बम १९९४ मध्ये पहिल्या दहांत गेला. आज तो ब्रिटपॉपच्या खात्यात जमा आहे.

आता ‘अल्पजीवी’. ही लाट का ओसरली? वक्त्यांच्या मते नक्कल होती म्हणून. तारखा वेगळे सांगतात. १९९४ च्या एप्रिलमध्ये कर्ट कोबेनच्या आत्महत्येची बातमी आली आणि अमेरिकन ग्रंजची सद्दी संपत चालल्याचे सर्वांना जाणवले. त्याच महिन्यात ओएसिसचे पहिले सिंगल आणि ब्लरचा ‘पार्कलाइफ’ बाजारात आले. ऑगस्टअखेर ओएसिसचा पहिला अल्बम आला. रिकाम्या झालेल्या जागेवर बसायला दोन धडधाकट पाहुणे आधीच दारात उभे होते. लाटेला मिळाली ती जेमतेम काही महिन्यांची फट.

दुसरे कारण अधिक कटू आहे आणि ते माझ्या युक्तिवादाच्या विरुद्ध जाते, म्हणून ते लपवणे योग्य नाही. त्या वर्षी ब्रिटनमध्ये संगीतावरून खरा राजकीय संघर्ष झाला तो गिटारवाल्यांचा नव्हता. नोव्हेंबर १९९४ मध्ये क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्ट संमत झाला. मोकळ्या रानात जमून रात्रभर नाचणाऱ्या रेव्ह मेळ्यांना आळा घालणे हा त्याचा एक हेतू. एकसारख्या पुनरावृत्त ठोक्यांचे संगीत म्हणजे काय, याची व्याख्या या कायद्याने करून ठेवली! त्याविरुद्ध लंडनमध्ये त्या वर्षी मोठमोठे मोर्चे निघाले. म्हणजे सरकार ज्या संगीताला भ्यायले त्यात शब्द जवळजवळ नव्हतेच, आणि मंत्र्यांची नावे घेऊन ओरडणाऱ्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. आपले शत्रू कोण हे स्मॅशला ठाऊक होते. आपले मित्र कुठे जमले आहेत हे त्यांना कळले नाही. ही या चळवळीवरची खरी टीका आहे, आणि ती करण्यासाठी ‘नक्कल’ किंवा ‘अल्पजीवी’ हे शब्द लागत नाहीत.

आणि पुढे काय झाले? मे १९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. त्या जुलैत पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी डाउनिंग स्ट्रीटवर मेजवानी दिली आणि ओएसिसचा नोएल गॅलघर हातात शॅम्पेनचा पेला घेऊन त्यांच्याशी हसतखेळत बोलताना छायाचित्रात आला. ते छायाचित्र ब्रिटपॉपच्या प्रत्येक इतिहासात असते. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी मावळत्या मंत्र्यांची नावे गाण्यात घेतली होती त्यांना निमंत्रण असण्याचा प्रश्न नव्हता. जॉन हॅरिस हा १९९४ मध्ये एनएमईत लिहिणारा आणि या लाटेचे नाव वापरणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. त्याच हॅरिसने २००३ मध्ये ‘द लास्ट पार्टी’ हे ब्रिटपॉप आणि ब्लेअर यांच्या संगनमताचे पुस्तक लिहिले. नाव वापरणाराच मागाहून दुसऱ्या मेजवानीचा इतिहासकार झाला, हे मला त्या सर्व प्रकरणातले सर्वांत बोलके वळण वाटते.

एक आक्षेप राहिला. हा लेख कच्च्या स्वरूपात वाचून आमच्या विभागातल्या एका सहकारी बाईंनी विचारले, “सर, सगळे खरे, पण ती गाणी चांगली आहेत का?” प्रश्न योग्य आहे, आणि वक्त्यांनी तो विचारलाच नव्हता. माझे उत्तर असे : स्मॅशचा ‘सेल्फ अब्यूज्ड’ हा अल्बम सलग ऐकवत नाही, त्यांची सुरुवातीची सिंगल्स ऐकवतात. दीज ॲनिमल मेनची मोजकी गाणी उरतील. इलास्टिकाचा पहिला अल्बम जवळजवळ संपूर्ण उरेल, आणि एकोबेलीचा निम्म्याहून अधिक. बाई एकोबेलीबद्दल सहमत नाहीत. त्यांच्या मते तो आवाज फार गोड आहे आणि रागाला तो पेलत नाही. गेल्या आठवड्यापासून आमचा यावर वाद चालू आहे आणि त्यासाठी आम्हाला एकेक गाणे पुन्हा पुन्हा ऐकावे लागते आहे.